एकोणतीस साते

लाइट राहू दे, हर्षित. अंधार करून सांगावी लागेल इतकी ही गोष्ट कच्ची नाही. आणि मधेच 'काका, फेकून राहिले' असंही म्हणायचं नाही. घडली ती आपल्या सुशील मेश्रामसोबत, आणि सुशीलला खोटं बोलता येत असतं तर तो एव्हाना नगरसेवक झाला असता.

पंचवीस सालच्या जानेवारीची सतरा तारीख. शुक्रवार. सुशील कामठीत मिशनवाल्यांच्या बालकेंद्रात शिकवतो. यंत्रमागावर राबणाऱ्यांची पोरं शाळा सुटली की तिथं येतात. आधी पोळी-उसळ, मग अभ्यास, मग एकवीसपासून तीसपर्यंतचे पाढे, शेवटी छोटीशी प्रार्थना. सुशील दीक्षाभूमीच्या मागच्या वस्तीत वाढलेला. प्रार्थनेच्या वेळी हात बांधून मुकाट उभा राहतो, पण पाढ्यांच्या वेळी त्याचा आवाज पार मेन रोडवर ऐकू जातो. केंद्र चालवणाऱ्या शोभाताई साळवे म्हणतात, "आमचं आमेन हळू असते, सरांचं जोरात."

दुसऱ्या दिवशी नवोदयची परीक्षा होती. पाचवीतल्या पोराला ती एकदाच देता येते. नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. केंद्रातली सात पोरं बसणार होती आणि त्यात मिनल होती. गणितात पोरगी अशी, की सुशील फळ्यावर चुकला तर तीच आधी खोकायची. तिच्या आईनं मात्र सांगून ठेवलं होतं, "सर, लागली तं लागली. नाही तं उन्हाळ्यापासून माया संग लूमवर, कांड्यायवर सूत भराले."

रात्री आठला शोभाताईंनी हॉलतिकिटं मोजली. सहाच भरली. मिनलचं नव्हतं. दुसरं छापून घेता आलं असतं, पण त्यावर सही-शिक्का लागतो मुख्याध्यापकांचा, आणि मुख्याध्यापक भाचीच्या लग्नाला यवतमाळला. पोरांची गाडी सकाळी सहाला निघणार.

"सर," शोभाताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "परवा जुन्या खोलीतून खडू आणाले गेली होती मी. तिचं पाकीट हातात होतं, ते तिथंच कपाटात राहिलं जी."

"आणतो न," सुशील म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

जुनी खोली म्हणजे लूमच्या गल्लीचं शेवटचं टोक. वर्ग नव्या हॉलमध्ये हलून वर्ष झालं होतं. आता तिथं फक्त मोडके बाक, भिंतीवरचा जुना फळा आणि एक लोखंडी कपाट. किल्ली समोर राहणाऱ्या देवरावांकडे असते. देवराव दारात शेकोटी करून बसले होते. त्यांनी किल्ली काढली, पण हातात दिली नाही.

"आत्ताच काहून? सकाळी या न."

"सकाळी उशीर होते. दोन मिनटाचं काम आहे, देवरावजी."

"मंग आयका. अंदर कोणी पाढे म्हणन. म्हणू द्या. चुकन. चुकू द्या. तुमी सांगाले जाऊ नोका."

"मांजर असन एखादं."

"मांजर एकोणतीसचा पाढा म्हणते काय गा?"

सुशील हसला. "मग कोण म्हणते?"

देवरावांनी शेकोटीत काडी सारली. "गोपिकाबाई. लूमवर कांड्या भरे. रोज सांजेले तुमच्या खिडकीबाहीर उभी राहे, पाढे आयकत. पोरं एकोणतीसच्या अर्ध्यात आले का सातची पाळी लागे. पये बिचारी. पुढचं तिनं कधी आयकलंच नाही. एक डाव तुमाले इचारलं बी होतं, सर, मी अंदर बसू काय म्हणून. तुमी म्हणले, हे लहान पोरायसाठी आहे वं बाई."

सुशीलला आठवेना. त्यानं खूप ताण दिला. खिडकी आठवली, बाहेरचा नळ आठवला. बाई आठवेना.

"आता कुठं असते?"

"मेली न. दीड साल झालं."

सुशीलच्या घरात भूतबीत हा शब्द कोणी काढत नाही. त्यानं किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

आत दिवा नव्हताच. मोबाइलच्या उजेडात तो कपाटाशी गेला. बाहेर लूमची खटखट चालू होती, त्यामुळं बरं वाटत होतं. कपाटात नुसता गोंधळ. जुनी हजेरीपत्रकं, नाताळच्या चांदण्या, पन्नास-साठ पाकिटं, सगळी एकाच रंगाची. एकेक उघडून बघू लागला.

नऊला गल्लीतली वीज गेली.

लूम थांबले. सगळे. एकदम.

आणि मागच्या बाकावरून कोणीतरी घसा साफ केला.

"एकोणतीस एके एकोणतीस."

पोराचा आवाज नव्हता. मोठ्या बाईचा होता. कापसाच्या धुळीनं बसलेला.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

सुशीलनं मागं पाहिलं नाही. पाकिटं चाळत राहिला. त्रिक झालं, चोक झालं, पाचे, सक...

"एकोणतीस साते..."

शांतता.

"एकोणतीस साते... एकशे नव्वद."

पुन्हा शांतता. कोणीतरी वाट बघत असल्याची. पोरं बघतात तशी, मास्तरांच्या तोंडाकडे.

सुशीलनं ओठ दाबून धरले. दहा वर्षं शिकवतोय तो. चूक कानावर पडली आणि गप राहिला, असं आजवर झालं नव्हतं.

"एकोणतीस एके एकोणतीस."

पुन्हा पहिल्यापासून. आता मधल्या बाकावरून.

हर्षित, पाय वर घेतले तरी चालतील.

"एकोणतीस साते... एकशे सत्त्याण्णव."

शांतता.

"एकोणतीस एके..." आता पहिल्या बाकावरून. त्याच्या पाठीशी. चार हातांवर. एक पाकीट. दुसरं. तिसरं... मिनल. फोटो, सही, शिक्का, सगळं जागेवर. त्यानं ते शर्टाच्या आत खुपसलं. भिंत धरून, तोंड भिंतीकडेच ठेवून, दाराकडे सरकला.

उंबरठा आला. एक पाय बाहेर पडला. समोर शेकोटी दिसत होती. सुटला होता तो. खरंच सुटला होता.

"सर..."

तो थांबला.

"मले नाही येत, सर."

बस. एवढंच. राग नाही, धमकी नाही. पोरं खालमानेनं सांगतात तसं.

आता तुम्ही म्हणाल, पळायचं होतं. मीही तेच म्हणतो. पण सुशील उंबरठ्यात उभा राहिला. एक पाय आत, एक बाहेर. आणि हळूच म्हणाला,

"दोनशे तीन."

खोलीत कोणीतरी श्वास सोडला.

"एकोणतीस साते दोनशे तीन." मग भरभर, धावतच, "एकोणतीस आठे दोनशे बत्तीस, एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद!" कधी न ऐकलेलं पुढचंही आता आपोआप येत होतं बाईला. अडलं होतं ते एवढ्याशावर.

मग कानाशी. अगदी कानाशी...

"तीसचा, सर?"

सुशीलच्या तोंडून निघालं ते तास संपताना कोणत्याही मास्तराच्या तोंडून निघतं तेच.

"उद्या."

कुलूप कसं लावलं, त्याला आठवत नाही. देवरावांनी त्याचं तोंड पाहिलं. "बोलले न तुमी?" सुशीलनं किल्ली त्यांच्या पुढ्यात टाकली आणि गेला.

मिनलनं पेपर दिला. मार्चमध्ये निकाल लागला, तिचा नंबर लागला. आईनं गल्लीभर पेढे वाटले.

पण आपली गोष्ट अजून परीक्षेनंतरच्या सोमवारीच आहे. शनिवारी सुशील जुन्या खोलीकडे फिरकला नाही. रविवारी अंगात ताप होता म्हणे. सोमवारी संध्याकाळी पाढे ऐन रंगात आले असताना देवराव हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. किल्ली दाखवली आणि चालू लागले.

शुक्रवारचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी सुशीलच्या देखत उघडलं आणि बॅटरी फळ्यावर धरली. वर्षभर कोणी हात न लावलेला तो फळा स्वच्छ पुसलेला होता. डाव्या कोपऱ्यात, जिथं आपण शाळेत वार-तारीख टाकतो, तिथं खडूनं काहीतरी लिहिलं होतं. अक्षर मोठं, वाकडं, दाबून काढलेलं. पहिल्यांदाच खडू धरणाऱ्याचं.

"तिले लिवता येत नव्हतं, सर," देवराव कुजबुजले. "अंगठा लावे ते."

सुशीलनं जवळ जाऊन वाचलं.

वार सोमवार. पट १. हजर १. सर गैरहजर, तीन दिवस.