खाऱ्या पाण्यात टिकलेला थर

प्रयोगशाळेच्या जिन्यात तो माझ्यावर आदळला, माझ्या हातातली डबी उघडली... आणि पडणारी चकती त्याने अलगद झेलली. उघड्या हाताने!

"वाचवली!" तो हसला. टोपीवरचा ओला बर्फ त्याच्या भुवईवर ठिबकत होता.

"वाया घालवलीस! तुझ्या अंगठ्याचं तेल बसलं तिच्यावर."

"मग आंघोळ घाल तिला."

"तिला नाही, तुला घालायला हवी — आम्लाची!"

हा जोआर. अंगणापलीकडच्या जीवशास्त्राच्या इमारतीतला. मी, तुवा, स्वीडनमधल्या लिंकोपिंगला भट्टीत अशा चकत्यांवर गॅलियम नायट्राइड या स्फटिकाचे पातळ थर वाढवते. रक्ताच्या खारटपणात हा स्फटिक गंजत नाही. त्यावर जोआर प्रथिनं बसवणार, आणि मूत्रपिंड बिघडायला लागलं की रक्ताच्या एका थेंबातून ते कळणार... असा बेत होता.

पण प्रथिनं टिकेनात. खाऱ्या पाण्यात ठेवली की धुऊन जायची. आमच्या प्रमुख गुनवोर यांनी सांगून टाकलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जमवा. नाहीतर हे काम बंद."

"तुझा स्फटिकच माणूसघाणा आहे," जोआर म्हणाला.

"तुझी प्रथिनंच उडाणटप्पू!"

मी मात्र हट्टालाच पेटले. सगळं पुन्हा तपासलं, आणि एकदाचं लक्षात आलं. स्वच्छ केलेला पृष्ठभाग जे आधी भेटेल त्याला बिलगतो. चकती अंगण ओलांडून जोआरकडे पोचेपर्यंत हवेतला मळच त्याला आधी भेटत होता!

"तुझ्या बाटल्या घेऊन माझ्याकडे ये," मी जोआरला म्हटलं.

"राहायला?"

"कामाला!" म्हटलं खरं, पण कान तापले माझे.

मग आम्ही एकाच टेबलाशी काम करू लागलो. मी चकती आम्लात धुवायची, उरलासुरला मळ जाळायला ऑक्सिजनच्या जांभळ्या झोतात धरायची, आणि ती बाहेर येताच जोआर तिच्यावर त्याचा थेंब सोडायचा. फसलं. पुन्हा केलं. पुन्हा फसलं. कॉफीच्या वेळी तो वेलचीचा पाव मोडून मोठा तुकडा मला द्यायचा.

"तू हार कशी मानत नाहीस गं?"

"शिकवलंच नाही कुणी."

आणि मे महिन्यात थर टिकला. आधी खाऱ्या पाण्यात, मग रक्तात. गुनवोर यांनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढला. "चालू ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी उडीच मारली. जोआर मात्र बाटल्या आवरत राहिला.

संध्याकाळच्या लख्ख उन्हात आम्ही नदीकाठाने सायकली ढकलत निघालो. काठावर जांभळा लायलॅक फुलला होता.

"तुवा... मला तिकडे दूर उत्तरेला, उमेओला नोकरी लागलीय. आज होकार कळवला."

"मला न सांगता?"

"वाटलं, काम झालं की माझी गरज संपेल तुला."

"गाढवा!" मी सायकल गवतात टाकली. आता मागे फिरायचं नव्हतं. "नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पण मला तू आवडतोस. खूप. मी येत जाईन तिकडे."

त्याने माझी सायकल उचलून उभी केली. "थेट गाडी नाही गं..."

"बदलीन."

"हिवाळ्यात अडकतात गाड्या."

"अडकेन. पण पोचेन."

"मग... मी अर्ध्या वाटेवर येत जाऊ?" तो जवळ सरकला. "मला तर तू केव्हापासून —"

"अर्ध्या नाही. पूर्ण यायचं! एकदा मी, एकदा तू."

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. मी बोलूच दिलं नाही... त्याच्या ओठांवर ओठ टेकले.