दादाचा रेझर

मी रायपूरजवळ भनपुरीच्या एका रोलिंग मिलमध्ये पोलाद तपासतो. सळईचा तुकडा कापायचा, घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. मालकाला माझे निकाल आवडत नाहीत आणि मला मालकाचं तोंड आवडत नाही, तरी आमचं बरं चाललं आहे. त्या वर्षी तर मालाला उसंत नव्हती. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून जो तो काहीतरी बांधत सुटला होता. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय थाटलं होतं आणि आमच्या चौबे कॉलोनीत गाई सोडून सगळ्यांना लाल दिव्याच्या गाड्यांची सवय झाली होती.

मे महिना होता. माझी बायको लता मुलांना घेऊन अमरावतीला माहेरी गेली होती. घरात आम्ही तिघं, मी, आई आणि इरावतीवहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रीपाददादाची बायको. दादा बारा वर्षांपूर्वी भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाऊन येतो म्हणून लूनावर निघाला. लूना एका चहाटपरीच्या मागे नीट कुलूप लावलेली सापडली. दादा सापडला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, काशीला जाऊन आलो, आईने नवस बोलून देवांनाही दमवलं. मूलबाळ नव्हतं. वहिनी शाळेत शिकवत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली आणि दारावर थाप पडली की सगळ्यांत आधी उठत राहिली. पुढे पुढे तिचं उठणं बंद झालं, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

तिच्या शाळेत निरंजन नावाचे एक शिक्षक आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, सरळ माणूस. त्यांनी वहिनीला लग्नाचं विचारलं आणि वहिनीने ते लपवून न ठेवता मला आणि आईला सांगितलं. आईने त्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटावर बसली आणि म्हणाली, "श्रीपादचं रीतीनं होऊ दे. मंग तू मोकळी, पोरी."

रीत म्हणजे पालाशविधी. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, तो तो माणूस समजून जाळायचा आणि पुढचं सगळं गेलेल्याचं करतात तसं करायचं. कायद्याला सात वर्षं पुरतात, पण आईच्या देवघरात कायदा चालत नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण देठांची एक मोळी जाळून एका बाईचं उरलेलं आयुष्य सुटत असेल तर माझं काय जातंय? मी हो म्हटलं.

शालिग्रामगुरुजींनी रविवारची तिथी काढून दिली आणि दादाचे कपडे, छत्री, चपला दानासाठी बाजूला काढायला सांगितलं. म्हणून मी दादाची पेटी उघडली आणि तळाशी हा रेझर आणि पात्यांची एक डबी मिळाली.

दादाला दाढीचं वेड होतं. सगळं रायपूर दोन धारांच्या पत्तीने गाल खरवडायचं तेव्हा हा मुंबईच्या मित्राकडून इंजेक्टर रेझर घेऊन आला. त्यात पातं हातात धरायचंच नाही. चपट्या पत्र्याच्या डबीत पाती एकावर एक रचलेली असतात. डबीची चोच रेझरच्या मानेत घालायची आणि वरची सरकती पट्टी पुढे ढकलायची. नवं पातं आत शिरतं आणि त्याच्याच धक्क्याने जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. हे बघायला मी लहानपणी न्हाणीघराच्या दारात उभा राहायचो. सदर बाजारातला एक दुकानदार खास दादासाठी ही पाती मागवायचा.

पेटीतल्या रेझरमध्ये एक पातं गंजून अडकलं होतं. मला ते बघवेना. पितळी मूठ चिंचेने घासली, मानेत तेल सोडलं, डबी लावली आणि पट्टी ढकलली. जुनं पातं कचकन बाहेर आलं आणि नवं जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी मी त्याने दाढी केली. माझ्या गालांवर पुरळ उठतं, म्हणून दाढी मला शिक्षा वाटते. त्या दिवशी मात्र रेझर लोण्यावरून फिरावा तसा फिरला. मी आरशात स्वतःलाच शाबासकी दिली आणि ही वस्तू दानात द्यायची नाही असं ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या सकाळी रेझर ओला होता.

मी न्हाणीघरात सगळ्यांत आधी जातो. रायपूरच्या मे महिन्यात रात्रभर ठेवलेली वस्तू ओली राहत नाही, इथे भिजवलेला टॉवेलसुद्धा पापडासारखा वाळतो. मी आईला विचारलं. तिने कानांवर हात ठेवले आणि वर, बाप्याच्या वस्तूला मी काहून हात लावू, असं ऐकवलं. वहिनी शाळेचे पेपर तपासत होती, तिने नाही म्हणून मान हलवली. नळ ठिबकत असेल म्हणून मी वॉशर बदलला.

पुढच्या सकाळी पात्याच्या फटीत केस होते. बारीक, ताठ, दाढीचे, आणि निम्म्याहून जास्त पांढरे. माझ्या दाढीत अजून एक पांढरा केस नाही, याचा मला थोडा गर्वच आहे. मी रेझर नाकाजवळ नेला. लाल कार्बोलिक साबणाचा वास आला. दादा क्रीम लावायचा नाही, त्याच साबणाच्या वडीने फेस काढायचा. तो गेल्यापासून ती वडी आमच्या घरात आलेली नाही. मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसलो.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. रेझर पुसून कोरडा केला, नवं पातं भरलं, तो कागदात गुंडाळून माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली माझ्या जानव्याला. सकाळी कपाट उघडलं तर कागद भिजून लगदा झाला होता. मी ते पातं काडेपेटीत घालून मिलमध्ये नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

पात्याची धार कुठे झिजते त्यावरून हात कळतो. माझं स्वतःचं पातं मी आधीच तपासून ठेवलं होतं, ते उजव्या टोकाला झिजलं होतं. हे डाव्या टोकाला झिजलं होतं. दादा डावखुरा होता. आईने लहानपणी हातावर पळी मारून मारून त्याला उजव्या हाताने जेवायला लावलं, पण दाढी तो डाव्यानेच करायचा. मी परत परत पाहिलं. भिंग बदलून पाहिलं. धारेवरचे केस ताजे कापलेले होते. मी बाहेर जाऊन मिलच्या भिंतीला धरून उभा राहिलो.

दादा कुठेतरी होता. कुठेतरी पन्नाशीकडे झुकलेला, दाढी पिकलेला दादा रोज सकाळी नीट दाढी करत होता. आणि रविवारी मी त्याला जाळणार होतो.

शनिवारी सकाळी नव्या पात्यावर रक्त होतं. ओलं, लाल. तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. साबण, केस, डावं टोक, रक्त. तिने ओलं पातळ दोरीवर तसंच सोडलं आणि रेझर माझ्या हातातून घेतला. वास घेतला. मग पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. तिचा चेहरा असा पांढरा मी दादा गेला तेव्हाही पाहिला नव्हता.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, विधी थांबवू. गुरुजींना काहीतरी कारण सांगू, पुन्हा शोध घेऊ, मी रजा टाकतो, भनपुरीपासून सुरुवात करतो. जिवंत माणसाचं असं करायचं नाही. मी बोलतच सुटलो. असल्या गोष्टींवर विश्वास नसलेला मी, पुतळा जाळू नका म्हणून वहिनीच्या विनवण्या करत होतो.

तिने मला बोलू दिलं. खाली कुठल्यातरी मंत्र्याच्या गाड्या सायरन वाजवत गेल्या. तो आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"भाऊजी, रोज दाढी करून राहिले ते," ती म्हणाली. "पाणी मिळतं, साबण मिळतो, आरसा मिळतो. बारा वर्षं. मंग घरी काहून नाही आले?"

मी तिच्या हातातल्या रेझरवरच्या रक्ताकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"कापलं म्हणून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मले काहीच वाटून नाही राहिलं. मले भेव वाटते, ते माझ्याच मनाचं वाटते." ती उठली, पातळ झटकून दोरीवर नीट पसरलं. "उद्याचं उद्याच होईल. आईंना सांगू नका."

रेझर तिने मला परत दिला नाही.

रविवारी आम्ही महादेव घाटावर गेलो. खारून नदी उन्हाने आटून मधोमध धार उरली होती. न्हाव्याने माझं डोकं आणि मिशी उतरवली. आई रिक्षातून उतरलीच नाही. शालिग्रामगुरुजी पळसाचे देठ दर्भाने बांधत होते. हात, पाय, बरगड्या. डोक्याच्या जागी नारळ. वरून पिठाचा लेप. मला वाटलं होतं की ते सगळं पोरखेळासारखं दिसेल आणि मला हसू आवरावं लागेल. पण गुरुजींनी आईकडून दादाची उंची विचारून घेतली होती. पांढरं कापड पांघरल्यावर तिथे दादाएवढं कोणीतरी झोपलं होतं आणि मला तिकडे पाहवेना.

वहिनी पुढे आली. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला रेझर काढला आणि पुतळ्याच्या डाव्या हाताशी ठेवला. धातू नको, असं गुरुजी म्हणाले. तिने ऐकलं नाही.

रुमाल तिच्या हातातच राहिला. तो ओला होता, पाणी टपकेल इतका.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. अजून थांबता आलं असतं. तिने मान डोलावली, आणि मी अग्नी दिला.

देठ वाळलेले होते, भरकन पेटले. पहिल्यांदा नारळाचा वास आला, मग तुपाचा. मग केस जळतात तसा वास आला. गुरुजींचा मंत्र एका जागी अडला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

वाऱ्याने धूर आमच्याकडे वळला. वहिनी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आम्ही तिघंच गेलो, गुरुजी, वहिनी आणि मी. गुरुजींनी तांब्याएवढं लहानसं मडकं आणलं होतं. पुतळ्याला तेवढं पुष्कळ होतं, असं ते वाटेत म्हणाले.

पितळेचं काय झालं ते बघावं म्हणून मी काडीने राख उकरली. ही माझी सवय आहे. पितळ मिळालं नाही. काडी कशाला तरी लागली.

मी ती पुन्हा लावली. आवाज ओळखीचा होता. वडिलांच्या अस्थी वेचताना ऐकला होता.

मी काडी टाकून मागे सरलो.

गुरुजींनी वाकून पाहिलं. दूध शिंपडलं, उकिडवे बसले, आणि माणसाचं सावडतात तसं पायांकडून वेचायला लागले.

गुडघ्यांपर्यंत आले तेव्हाच मडकं भरलं.

पायऱ्यांवर भीमाबाई मडकी घेऊन बसते. गुरुजींनी तिला हाक मारून आणखी एक मडकं मागितलं. तिने तिथूनच विचारलं, लहान मुलाचं आहे की मोठ्या माणसाचं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं.

वहिनी चार पायऱ्या चढून तिच्यापाशी गेली.

"बड़ा वाला दो, दीदी," ती म्हणाली. "मेरे आदमी का है."

भीमाबाईने मागचं मोठं मडकं ओढलं आणि पदराने त्याच्या आतली धूळ पुसून दिली.