कोरा चहा, दुधाचा चहा

"जाळं वर घे! घे की! झोपलास का?" रोइमाता काठावरून ओरडली.

"घेतलं!" तिचा धाकटा भाऊ तामाती गुडघाभर पाण्यातून म्हणाला. लांब दांड्याचं जाळं त्यानं मोठ्या थाटात वर उचललं. आत होती एक काटकी, थोडं गवत आणि चिखल.

"वा! आज जेवायला चिखलाच्या पॅटी!" फर्गस म्हणाला.

वसंतातली सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम ओढ्यावर. फर्गस खरं तर शेजारचा, पण खाण्यापुरता घरचाच. याच दिवसांत समुद्रातून इनांगा मासे ओढ्यात चढतात, काडीएवढे, काचेसारखे आरपार. अंड्यात घालून ते तव्यावर टाकले की फर्गस नुसत्या वासावर कुंपण ओलांडून यायचा. यंदा मात्र मासाच नव्हता. रोइमाताचे आजोबा, म्हणजे कोरो, रोज काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि रोज रिकामी बादली घेऊन घरी यायचे. बोलायचे काही नाहीत, पण धड जेवायचेही नाहीत.

रोइमाता बूट काढून पाण्यात उतरली. तिनं खाली पाहिलं. "अरे, माझी बोटं दिसत नाहीत!"

"मग? आपलं पाणी तपकिरीच असतं," फर्गस म्हणाला.

"गधड्या, तपकिरी वेगळं आणि गढूळ वेगळं!"

ही विद्या तिला हेमी मामानं दिली होती. ती एवढीशी असताना मामानं तिला याच पाण्यात उभं केलं होतं. "आपलं पाणी दलदलीतून येतं ना, म्हणून ते कोऱ्या चहासारखं," तो म्हणाला होता. "रंग असतो, पण पायाची बोटं मोजता येतात. ज्या दिवशी दुधाचा चहा दिसेल त्या दिवशी समज, कुणीतरी ओढ्यात चिखल सोडलाय. त्याला पकडायचं!"

"पाऊस तर कधीचा पडला नाही," तामाती म्हणाला. "मग माती आली कुठून?"

तिघांनी एकदमच वरच्या अंगाला पाहिलं. तिथे दलदलीच्या कडेला नव्या हॉटेलच्या पायाचा खड्डा खणला होता. आणि त्या कामावरचा मुकादम होता खुद्द हेमी मामा!

"मग काय, कामच झालं!" रोइमाता उड्या मारतच निघाली. "मामा, ओढ्यात कुणीतरी चिखल सोडतंय!" तिनं फाटकातूनच हाक दिली. "तू पकड ना त्याला!"

मामा बाहेर आला. आत पंप धडधडत होता. जमिनीतून खड्ड्यात झिरपणारं पाणी तो ओढून बाहेर टाकत होता.

"आमचं पाणी ओढ्यात जात नाही हं," मामा म्हणाला. "ती मोठी कापडी पिशवी दिसते ना? नळीचं तोंड तिच्यात. माती आत राहते, पाणी गवतावर झिरपतं. म्हणजे गाळणीच म्हण ना! तरी बघतो मी. पण कुणाला सांगू नकोस. कोरोंना उगाच काळजी." त्यानं तिचे केस विस्कटले.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखीच गढूळ!

"तुझा मामा बघतो म्हणाला होता. नुसता बघतच बसलाय वाटतं," फर्गस म्हणाला.

"तोंड सांभाळ!" रोइमाता खेकसली. पण तिच्याही मनात खुट्ट झालं होतं.

तिघं ओढ्याच्या काठाकाठानं वर गेले. कुंपणापलीकडे पंप चालूच होता. पिशवी मात्र गवतावर पसरलेली, उपाशी माणसाच्या पोटासारखी खपाटीला गेलेली.

"ती फुगायला हवी ना?" तामाती कुजबुजला. "आणि गवत बघ, कोरडं ठाक!"

"नळी इकडे आलीय!" फर्गसनं दाखवलं. कुंपणाखालून, लांब पात्यांच्या झुडपांतून नळी थेट ओढ्यात उतरली होती आणि तिच्या तोंडातून भसाभस चिखल ओकला जात होता.

तेवढ्यात पावलं वाजली. तिघं झुडपात आडवे झाले. आला तो हेमी मामा! फोन कानाला लावून तो पायानं नळीवर पाती ढकलत होता.

"हो साहेब, शुक्रवारी काँक्रीट पडणार म्हणजे पडणारच. पिशवी? ती भरली की पाणी मुंगीच्या पावलानं जातं. नळी दिली ओढ्यात सोडून. इथे कोण बघतंय?"

रोइमाता बघत होती. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. चोर पकडायला ज्यानं शिकवलं तोच चोर! वर त्यानं तिलाच गप्प बसवलं होतं!

घरी जाऊन तिनं कोरोंना सगळं सांगितलं. कोरोंनी मान हलवली. "माझा हेमी? छे! तो याच ओढ्यात पोहायला शिकला, पोरी. असा आळ घेऊ नये कुणावर."

"पाटीवर नंबर आहे," तामाती हळूच म्हणाला. कामाच्या कुंपणावर पाटी होती, 'ओढ्यात गढूळ पाणी दिसल्यास कळवा.' ती मामानंच ठोकलेली. रोइमातानं फोन उचलला. तिनं नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नद्या-ओढ्यांच्या कार्यालयातून जॅनिसबाई आल्या. कोरोही काठी टेकत आले. पण बाई येणार हे कार्यालयानं मामाला आदल्या रात्रीच कळवलं होतं. पाहतात तर नळी पिशवीत, पिशवी टम्म! मामाच्या हातात एक बाटली होती, पाणी कसं अगदी स्फटिकासारखं.

"हे बघा, पिशवीतून हे असं पाणी बाहेर पडतं," मामा हसून म्हणाला. "इथला ओढा तपकिरीच असतो, बाई. दलदलीचा रंग. पोरांना काय कळतंय!"

बाई इथे नव्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि त्या गाडीकडे वळल्या.

"थांबा!" रोइमाता ओरडली. "फर्गस, बरण्या!"

फर्गसनं आपल्या दप्तरातून जॅमच्या दोन बरण्या काढून कुंपणाच्या खांबावर ठेवल्या. रोइमातानं मामाच्या हातातून बाटली घेतली आणि शेजारी मांडली.

"ही बरणी कामाच्या वरच्या बाजूची. कोरा चहा. पलीकडचं सगळं दिसतं. ही खालच्या बाजूची, काल भरलेली. तामाती, हलव! दुधाचा चहा. आणि ही बाटली..."

"नळाचं पाणी!" तामाती ओरडला.

"पिशवी म्हणजे गाळणी ना, मामा? तूच म्हणालास." रोइमाता मामाकडे वळली. "गाळणीत चहापत्ती अडकते. चहाचा रंग कधी अडकलाय का?"

जॅनिसबाईंनी बाटली उजेडात धरली. "खड्डा दलदलीत आहे. मग त्यातून बिनरंगाचं पाणी आलं कसं?"

मुलांनी बाईंना झुडपांमागे नेलं. नळी गेली होती, पण काठावर नळीच्या पाण्यानं पाडलेली ताजी घळ होती आणि पाण्यात चिखलाचा ढीग. पंप तिथल्या तिथे बंद झाला. दोन नव्या पिशव्या आणि गाळ बसायला टाकी आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असं बाईंनी बजावलं.

"शाब्बास!" त्या मुलांना म्हणाल्या. "असे डोळे आमच्या कार्यालयात हवेत!"

कोरो मात्र आपल्या मुलाकडे, हेमीकडेच पाहत होते. "हेमी, मी रिकामी बादली घेऊन यायचो, आणि तू रोज विचारायचास, 'आबा, यंदा मासे का नाहीत?'"

मामानं मान खाली घातली. मग कोरोंनी रोइमाताच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुझं ऐकलं नाही. चुकलो. उद्यापासून माझ्या खुर्चीवर तू बसायचंस!"

फर्गसनं शिट्टी वाजवली, तामाती नाचला. शाबासकी मिळाली की आनंद होतो म्हणतात. रोइमाताला काही तो झाला नाही.

सुट्टी संपता संपता पाणी निवळलं आणि कोरोंच्या जाळ्यात पहिला इनांगा आला. पहिला मासा पाण्याचा, तो परत सोडायचा असतो. कोरोंनी तो रोइमाताच्या ओंजळीत दिला. ती ओढ्यात उतरली आणि तिनं तो हळूच सोडला.

काठावर हेमी मामा येऊन उभा होता. त्याच्या पायांत कामावरचे चिखलाचे बूट होते.

"रोई," त्यानं विचारलं, "दिसतात का गं बोटं?"

रोइमातानं वर पाहिलं नाही.

"तुम्हीच उतरून बघा," ती म्हणाली.

मामा खाली बसून बूट काढू लागला.