क्यूबिटांचे शिलिंग

इंग्लंडातल्या नॉरफकच्या दलदलीतले रस्ते मला पाठ आहेत. अडतीस वर्षं मी जुनी नाणी घेतो-विकतो. नाणी जमवणारा नवरा गेला की बायको फोन करते, आणि मी जातो. आता गुडघे कुरकुरतात. सांत्वनाचे शब्दही शिळे झालेत.

एडविन क्यूबिट मार्चमध्ये गेले. नोव्हेंबरातल्या एका दुपारी त्यांच्या पत्नी हेस्टरबाईंनी मला नवऱ्याच्या खोलीत नेलं. शेकोटी कधीची विझलेली, दमट गालिच्याचा वास. नाण्यांच्या पेटीचे उथळ कप्पे मी ओढले. राणी ॲनचे शिलिंग, पहिल्या जॉर्जचे अर्धे क्राउन, सगळे आपापल्या गोल खाचेत. खाली क्यूबिटांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. १७०३चा एक शिलिंग उचलला. राणीच्या खांद्याखाली ‘व्हिगो’ अशी अक्षरं, म्हणजे स्पेनच्या व्हिगो बंदरातल्या लुटीची चांदी.

नाणं गरम होतं. कुणी आत्ताच हातातून खाली ठेवल्यासारखं.

दुसरं उचललं. तेही.

“तुम्हालाही गरम लागतंय ना?” हेस्टरबाई दारातूनच म्हणाल्या. “मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय.”

“कधीपासून?”

“मार्चपासून. रोज संध्याकाळी एकेक नाणं मुठीत धरून बसायचे... अजून बसतात. घेऊन जा, मिस्टर थ्रोअर. मी दमलेय हो.”

मीही दमलो होतो. जास्त विचारलं नाही, पेटी गाडीत ठेवली.

घरी येऊन कप्पा उघडला, तर सगळी नाणी थंडगार. हायसं वाटलं. तेवढंच सांगायला हेस्टरबाईंना फोन लावला.

त्या हळूच म्हणाल्या, “त्यांच्या मुठीत आता काहीच नाही ना... म्हणून माझा हात धरलाय.”

“मी पेटी परत आणतो.”

“राहू द्या. चाळीस वर्षांत कधी धरला नव्हता.”

आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. शेवटी पेटी घेऊन गेलोच. हेस्टरबाईंनी दार अर्धंच उघडलं. चेहरा सुकलेला, पण शांत.

“त्यांना ती नकोत आता,” म्हणाल्या, आणि निरोपाचा उजवा हात पुढे केला.

तो मी हातात घेतला. तापलेला होता. तळव्यावर एकही रेष उरली नव्हती. बोटांच्या टोकांपर्यंत सगळा गुळगुळीत, हाताळून झिजलेल्या नाण्यासारखा. डावा हात मागे, अंधाऱ्या बोळात होता, कुणीतरी धरून ओढावा तसा ताणलेला.