झरोक्यातून एक शिवी

ओरेन टॅलमेज माझ्या आयुष्यात आला तो तोंडावर आपटून. शब्दशः आपटला, आणि तोही पत्र्यावर.

मार्लो फेरीच्या बेसबॉल मैदानाची डावीकडची भिंत म्हणजेच आमचा गुणफलक. विजेचा नव्हे, हातानं पाट्या अडकवायचा. त्याच्या पोटात पत्र्याची एक चिंचोळी खोली आहे. तिथे मी बसते आणि लूबेनकाका बसतात. काका एक्काहत्तर वर्षांचे. कानाला रेडिओ, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. पाट्या मी लावते. धावा, इनिंग, आणि जो गडी बॅट घेऊन उभा राहील त्याची सरासरी. झरोक्यातून मला सगळं मैदान दिसतं आणि मैदानाला फक्त माझं नाक.

त्या एप्रिलमध्ये मी एकाच माणसावर वैतागले होते. ओक्लाहोमाहून आलेला एकवीस वर्षांचा नवा गडी. हंगाम सुरू होण्याआधीच पेपरात फोटो, हा पोरगा पुढे काय काय करणार याच्या गप्पा. आणि सरासरी? शून्य-आठ-तीन, म्हणजे हजारात त्र्याऐंशी. या खेळात दहात तीनदा चेंडू नीट लागला तरी लोक डोक्यावर घेतात. याला दहात एकदाही लागेना. रोज चार वेळा शून्याची पाटी लावा, आठाची लावा, तिनाची लावा... आठाच्या पाटीचा खिळा वर आलेला. त्याच्या अपयशाचे ओरखडे माझ्या बोटांवर उमटत होते.

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि आमचं छप्पर गळत होतं, म्हणून मी पिवळा रेनकोट घालून बसले होते. चेंडू उंच उडाला. ओरेन डाव्या कोपऱ्यात उभा असायचा, म्हणजे बरोबर आमच्यासमोर. तो वर बघत धावत आला, धावतच राहिला आणि धाडकन आमच्या पत्र्यावर! सातची पाटी काकांच्या कॉफीत पडली. त्याची टोपी झरोक्यातून थेट माझ्या मांडीवर.

मी डोकं बाहेर काढलं. "अरे बैला! चेंडू तिकडे पडलाय, तू इकडे काय शोधतोयस?"

तो गवतावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिला. पापण्यांवर पाण्याचे थेंब, नाकाला खरचटलेलं. "भिंत बोलते?"

"भिंतीला बोलावं लागतं असे लोक असले की. ऊठ! तेवढ्यात त्यांच्या दोन धावा झाल्या."

मी टोपी फेकली. ती झेलणं मात्र त्याला जमलं.

पुढच्याच खेपेला त्यानं चेंडू असा टोलवला की उजव्या कुंपणावर ठण्ण आवाज झाला. दोन टप्पे धावून तो दुसऱ्या थांब्याच्या गादीवर उभा राहिला, आणि तिथून त्यानं सरळ माझ्या झरोक्याकडे बोट दाखवलं.

माझी कटकट तिथून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सामन्याच्या तासभर आधी तो झरोक्यापाशी हजर. "अहो, फळ्यातल्या बाई."

"मार्नी. मार्नी वोलेक."

"मार्नी. कालचं ते एकदा म्हण ना."

"काय?"

"बैला, चेंडू तिकडे... ते."

"कशाला?"

"काल तू म्हणालीस आणि मला लागला. जे केल्यावर लागतं ते बदलायचं नसतं. आमचा पहिला गादीवाला तीन आठवडे तेच मोजे घालतोय."

"त्याच्यापेक्षा मी बरी म्हणायची," मी म्हटलं आणि शिवी दिली. मला वाटलं, एकदा देऊन सुटेन. त्या दिवशी त्याला दोन लागले.

मग रोजच. नुसतं वाक्य नव्हे — आवाज तसाच हवा, डोकं तेवढंच बाहेर हवं, आणि अंगात पिवळा रेनकोट! मे महिना लागला. पत्र्याच्या खोलीत पाव भाजावा इतकं तापायचं, आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावून घामाघूम.

"काल तू 'इकडे'वर जोर दिला नाहीस," तो एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाला. "एकच लागला."

"ओरेन, मी काय जत्रेतलं यंत्र आहे? नाणं टाकलं की शिवी?"

"नाणं कुठे टाकतोय? चेरी आणल्यात." त्यानं कागदाची पुडी झरोक्यातून आत सरकवली. बोटाला बोट लागलं... आणि त्यानं ते जरा उशिराच काढलं. माझी नजर अशा गोष्टी सोडत नाही. दोन सेकंद, फार तर अडीच.

"खिळ्यानं लागलंय का हे?" त्यानं माझं बोट बघून विचारलं.

"तुझ्या आठानं."

त्या संध्याकाळी जाताना त्यानं दगडानं ठोकून तो खिळा बसवला. मी वैतागलेलीच होते, पण आता पूर्वीइतकं जमेना.

त्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती. मॅनेजर रस्कनं सगळ्या नव्या गड्यांना बजावलं होतं: मेच्या शेवटच्या सोमवारी मी यादी करणार, ज्याची सरासरी अडीचशेच्या खाली, त्यानं बॅगा भरायच्या. खालच्या दर्जाचा संघ, जिथे त्याला धाडणार, तो सहाशे मैलांवर. ओरेन रखडत दोनशे एक्केचाळीसवर आला होता.

मग संघ बाहेरगावी गेला, तर याचा रोज दुपारी फोन! मी दुकानात रांगेत उभी, हातात दूध आणि कांदे, आणि फोनवर ओरडतेय, "अरे बैला, चेंडू तिकडे पडलाय!" पुढच्या बाईंनी वळून बघितलं आणि मला आपली जागा देऊन टाकली.

सहा दिवस मी हे केलं. सातव्या दिवशी तो परतला, झरोक्यापाशी आला, हसला. मीही हसले, आणि मला स्वतःचाच राग आला. आलास, हसलास, आता मागशील तुझी शिवी.

"मार्नी, ते—"

"थांब. आधी एक सांग. फोन करतोस, चेरी आणतोस... ते माझ्यासाठी की त्या वाक्यासाठी?"

तो बूट गवतात घासत म्हणाला, "हे आत्ता नको ना विचारूस. आत्ता कुठे लागायला लागलंय..."

मी रेनकोट काढला आणि झरोक्यातून त्याच्या अंगावर फेकला. "घे. तूच घाल, तूच म्हण. मी मोजा नाहीये, ओरेन."

झरोक्याला झडप आहे हे मला दोन वर्षांत पहिल्यांदाच आठवलं.

त्यानंतर काय व्हावं? तो पडावा, झडावा, रडत यावा. त्याऐवजी त्याला माझ्यावाचून सलग नऊ सामने चेंडू लागला! काका बिया चघळत म्हणाले, "मार्नी, पोरगं दोनशे बावन्नवर गेलं. तुला सोडल्यापासून बहरलंय."

"सोडलं मी त्याला, काका."

"असेल, असेल. पाटी लाव."

आता त्याच्या हिशेबानं मला न बघणं हेच शुभ झालं होतं. नऊ सामने त्यानं डाव्या कोपऱ्यात उभं राहून एकदाही मान वळवली नाही. मला दिसायची ती फक्त पाठ आणि तिच्यावरचा सत्तावीस. तो आकडा मी इतका बघितला की डोळे मिटले तरी दिसे. आणि सगळ्यात चीड याची, की त्याला लागलं की मी टाळी वाजवत होते.

मेचा शेवटचा रविवार. सामना दुपारी एकला, यादी दुसऱ्या दिवशी. सकाळी दहाला मी पाट्या पुसत होते, तर मागच्या दारावर टकटक. ओरेन. हातात घडी घातलेला पिवळा रेनकोट.

"तू?" मी दारातच आडवी उभी राहिले. "सलग नऊ सामने लागतंय ना तुला?"

"हो."

"मला न बघता?"

"हो."

"आणि उद्या यादी. मग आज इथे कशाला तडमडलास? वेड लागलंय? जा इथून! मी बघितलंच नाही तुला."

"पण मी बघितलं." तो म्हणाला. "तू विचारलं होतंस, तुझ्यासाठी की वाक्यासाठी. तेव्हा मला भीती वाटली. आता वाक्य नकोय. चेंडू लागतोय, सगळं छान चाललंय, आणि... दिवसभर मान दुखते, मार्नी. मागे वळायचं नाही म्हणून."

"मोडेल सगळं."

"मोडू दे."

मी बाजूला झाले. तो आत आला, काकांच्या खुर्चीत बसला, आणि आम्ही दोघांनी मिळून पाट्या पुसल्या. शिवी त्यानं मागितली नाही. मी दिली नाही. सातची पाटी पुसताना मात्र त्यानं माझा हात धरला, आणि या वेळी मी सेकंद मोजले नाहीत.

आणि मोडलंच की हो! पहिल्या खेपेला शून्य. दुसऱ्या खेपेला शून्य. तिसऱ्याला, चौथ्याला शून्य. काका एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "सकाळी कोण आलं होतं गं?" मी शून्याची पाटी पुसत राहिले. मनातल्या मनात भागाकार चालू होता: दोनशे चव्वेचाळीस.

शेवटची इनिंग. आम्ही एका धावेनं पुढे, समोरच्यांचा शेवटचा गडी, दोघे गाद्यांवर. आणि आमचा हा शहाणा डाव्या कोपऱ्यात उभा राहून मागे वळून बघतोय! नऊ सामन्यांचं साठलेलं सगळं एकदम बघून घेतोय. तेवढ्यात बॅटचा आवाज झाला. चेंडू उंच आमच्याकडे येत होता, आणि हा अजून माझ्याकडे तोंड करून उभा.

मी कमरेपर्यंत झरोक्याबाहेर आले. "अरे बैला! चेंडू तिकडे, तू इकडे काय शोधतोयस!"

तो गर्रकन वळला, दोन ढांगा टाकल्या, उडी मारली आणि धाडकन आमच्या पत्र्यावर. काकांची कॉफी पुन्हा सांडली. मी खाली वाकून बघितलं. तो गवतावर बसला होता, नाक पुन्हा खरचटलेलं, हातमोजा वर धरलेला. आत चेंडू. सामना आमचा.

"मी मागितली नव्हती हां," तो म्हणाला.

"माझी मी दिली. ऊठ."

सोमवारी सकाळी ऑफिसातून सरासरींचा कागद आला. जो गेला त्याचं नाव त्यात नसतं. माझं बोट वरून खाली सरकत गेलं, आणि सत्तावीसपाशी थांबलं. मागाहून कळलं, रस्क म्हणाला होता, "सहा आकड्यांनी कमी आहे, पण भिंतीला घाबरत नाही. राहू दे."

दुपारी मी पाट्या लावल्या. दोन. चार. चार. झरोक्याखाली गवतात बूट वाजले.

"काय गं, आज काही म्हणणार नाहीस?"

"नाही."

"रेनकोट?"

"चाळीस अंश आहे बाहेर. नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. पंचांनी खेळ सुरू करायची हाक दिली, संघातले सगळे आपापल्या जागी गेले, आणि हा आपला हनुवटी झरोक्याच्या कडेवर टेकवून माझ्याकडे बघतोय.

मी वाकले, कुणी बघत नाही असं बघितलं, त्याच्या खरचटलेल्या नाकावर ओठ टेकले.

"आता तरी," मी म्हटलं, "मैदानाकडे तोंड कर!"