रडतराऊताचं भाकीत

"आज तीन गोलांनी हरणार," शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं मला सांगितलं, तेव्हा सामना सुरूसुद्धा झाला नव्हता.

मी थक्कच झाले. गळ्यात आमच्याच क्लबचा मफलर, तोही धुऊन धुऊन विटलेला, आणि तोंडी हे असलं अभद्र! मी चिडून विचारलं की, अहो, मग येता कशाला? तर म्हणाला, "न येऊन कसं चालेल?"

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांची स्टेडियममधली ठरलेली खुर्ची त्या मोसमापुरती माझ्याकडे आली होती, आणि खुर्चीसोबत हे ध्यान. मी त्याचं नाव ठेवलं रडतराऊत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. काय कधी बिघडेल, याचाच विचार दिवसभर. मी कवळ्या बनवते. दात पडले तरी माणूस हसणारच, हे धरून चालणारं आमचं काम. त्यामुळे दर सामन्याला आमचं वाजायचं. मी म्हणायची जिंकणार, तो म्हणायचा हरणार, आणि मेला क्लब बहुतेक वेळा त्याचंच ऐकायचा. पण पाऊस आला की त्याची छत्री हळूच माझ्याकडे झुकायची... त्याचा डावा खांदा चिंब. मी बघितलं की तो लगेच दुसरीकडे बघायचा.

माझा जीव कधी जडला, मलाच कळलं नाही.

मग शेवटचा सामना आला. बाबा आता ठणठणीत होते. पुढच्या मोसमात खुर्ची पुन्हा त्यांची. म्हणजे आज बोलले नाही, तर रडतराऊत हातचा गेला. मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोलांनी मागे. खेळ पुन्हा सुरू होता होता मी कसाबसा धीर गोळा केला. "सामन्यानंतर... कॉफी घ्यायची?"

"नको," तो म्हणाला. "जमायचं नाही आपलं."

इतकं तोडून? का म्हणून विचारलं, तर मैदानाकडे बघतच त्यानं सांगायला सुरुवात केली. कॉफी पिताना त्याला बोलायला काही सुचणार नाही. तिसऱ्या भेटीला तो उशिरा येणार, कारण कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असणार. बाबांना तो शेजारच्या खुर्चीत चालतो, जावई म्हणून पसंत पडणार नाही. लग्नात त्याची आई माझ्या मावशीशी भांडणार. घर मिळेल ते पाचव्या मजल्यावर, आणि नेमकी तिथलीच लिफ्ट बंद. मुलगी दिसायला माझ्यासारखी होईल, पण दात त्याच्यासारखे वाकडे...

मी आ वासून ऐकत होते. मी कॉफीचं विचारलं होतं, आणि हा गडी मुलीच्या दातांपर्यंत पोचला होता.

"हे सगळं कधीपासून चाललंय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"दुसऱ्या सामन्यापासून," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"दातांचं मी बघेन," मी म्हटलं. "बाकी सगळं... चालेल मला."

तेवढ्यात आख्खं स्टेडियम उभं राहून ओरडायला लागलं. आमच्या क्लबनं बहुतेक गोल केला होता. आम्ही दोघांनीही तो पाहिला नाही. रडतराऊत माझ्याकडे बघत होता, चेहरा पांढराफटक.

"तू हो म्हणशील, हे मी धरलंच नव्हतं," तो म्हणाला. "आता — आता काय करायचं?"

मी त्याचा हात हातात घेतला. थंडगार होता. काहीतरी छान, धीराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच, "कॉफीचं दुकान बंद असलं तर?" आयुष्यात पहिल्यांदा मला हरायची भीती वाटत होती.