आतली मूठ

“मुलगी गुणाची आहे, पण हिच्या तोंडून किंकाळी निघेल असं काही मला वाटत नाही.”

हे सासरे बोलले ते सुनेच्या कानावर पडायचं नव्हतं. ती चहाचे कप घेऊन तळघराच्या जिन्यावर होती, तिसऱ्या पायरीवर. खाली यंत्रांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ज्यांचा धंदाच आवाज पकडण्याचा, त्यांनी दार उघडं टाकून बोलावं, ही गंमतच. पण दुसऱ्यांचे आवाज पकडणाऱ्यांना आपलाही आवाज कुठंतरी पोचतो याचं भान नसतं, हे या घरात आल्यावर महिन्याभरातच तिच्या लक्षात आलं होतं.

ती गालातल्या गालात हसून पुढची पायरी उतरणार, तेवढ्यात नवऱ्याचं उत्तर आलं.

“घाबरली तर निघेल.”

एवढंच. ‘मीठ कमी वाटलं तर वरून घालू’ म्हणावं, तसं.

ती पाय न वाजवता तीन पायऱ्या मागे गेली आणि चपला मुद्दाम फटफट वाजवत पुन्हा खाली उतरली. विषय बदलायला तेवढा वेळ द्यावा लागतो माणसांना. ती आत गेली तेव्हा दोघं अगदी मनापासून एका वायरबद्दल बोलत होते.

त्या घरात सिनेमांचे आवाज तयार होत. पडद्यावर माणसं चालतात, दारं करकरतात, कोणी कोणाचा गळा धरतं. पण त्यातला आवाज बहुतेक वेळा मागाहून घालावा लागतो. तो घालणारे तिचे सासरे. तळघरात दोन खोल्या, मधे जाड काच. अलीकडे यंत्रं, पलीकडे आवाजाची खोली. त्या खोलीत जमिनीवर चौकोनी खण केलेले होते. एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात फरशी, एकात सुका पाला. भिंतीला चपला-बुटांची मांडणी, चाळीसेक जोड. सिनेमातली बाई जशी चालेल तसं इथल्या कोणीतरी त्या त्या खणात चालायचं. लग्न ठरताना मुलाची उंची, शिक्षण, पगार, सगळं सांगून झालं होतं. सासरी काकडी आणली तर ती खायला आणलीय की मान मोडल्याचा आवाज काढायला, हे आधी विचारून घ्यावं लागतं, एवढं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

घराचं नाव झालं होतं ते भयपटांमुळे. एका मासिकानं वाचकांना विचारलं होतं, तुम्हांला सगळ्यांत जास्त कोणत्या सिनेमानं घाबरवलं? दहा सिनेमे निवडून आले, त्यांतले चार या तळघरातले. ते पान चौकट करून जिन्यात लावलेलं होतं. खाली वाचकांची पत्रं. एकजण महिनाभर दिवा लावून झोपला होता. एकीला अजून न्हाणीघराचं दार लावून घेता येत नव्हतं. एका नर्सनं लिहिलं होतं, की वॉर्डातल्या टीव्हीवर तो सिनेमा लागला आणि बेशुद्ध पेशंटनं डोळे उघडले. भुताचा चेहरा कसा होता, हे कोणालाच आठवत नव्हतं. सगळ्यांनी लिहिलं होतं ते एका किंकाळीबद्दल. चारही सिनेमांत ती एकच होती. सासरे तिला ‘आपली किंकाळी’ म्हणत. लोक ‘आपलं शेत’ म्हणतात, तसं.

त्यांतला एक सिनेमा तिनं अकरा वर्षांची असताना शेजाऱ्यांकडे पाहिला होता. पाहिला म्हणजे, उशी तोंडावर धरून ऐकला. किंकाळी झाली. तिला ती आठवत होतीच. पण तिच्या मनात रुतून बसलं होतं ते त्यानंतरचं. सिनेमातल्या घरात माणसं भरलेली होती आणि कोणीही जागचं उठलं नाही. उशीआडून तिनं शेजारच्या मोठ्या माणसांकडे पाहिलं, तर तीही तशीच, तोंड उघडं टाकून बसलेली. कोणी उठत का नाही? एवढंच तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. ती तेव्हाही फार बोलत नसे.

आता तोच निर्माता नवा सिनेमा घेऊन आला होता आणि त्याला नवी किंकाळी हवी होती. जुनी लोकांना पाठ झालीय म्हणे.

“तसल्या बाया मिळतात की पैसे देऊन ओरडणाऱ्या,” ती सासूबाईंना म्हणाली. दोघी त्या मांडणीवरच्या चपला पुसत होत्या.

“यांना नाही चालत. नाटकी किंकाळी पडद्यावर दोन क्षण टिकत नाही म्हणतात. खरं घाबरावं लागतं.” सासूबाईंनी एक बूट उगाच दोनदा पुसला. “माणसाला आत बसवायचं, पावलांचं काम आहे म्हणून सांगायचं. मग दिवा घालवायचा.”

“आणि दार?”

“दाराला आतून मूठ नाहीच ना.”

ते तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आतली मूठ सैल होती, रेकॉर्डिंगच्या वेळी खुळखुळायची. दुसऱ्या कोणीही तिचा स्क्रू आवळला असता. सासऱ्यांनी मूठच काढून टाकली. ते दार स्प्रिंगचं होतं, आपोआप लागायचं आणि लागलं की फक्त बाहेरून उघडायचं. त्या घरात सगळ्या गोष्टींकडे असंच पाहत. ती आवाज करते की नाही, बस.

“जुनी किंकाळी कोणाची हो, आई?”

सासूबाईंनी वरच्या फळीकडे पाहिलं. तिथं कोपऱ्यात उंच टाचांचा एक करडा जोड होता. बाकी सगळ्या जोडांवर यांचा-त्यांचा हात फिरलेला होता, त्याच्यावर धुळीचा थर होता.

“वन्संची. यांच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे तुझ्या आत्याबाईंची. बायकांची सगळी पावलं त्याच करायच्या. असं चालायच्या, की नुसत्या पावलांवरून बाई विधवा आहे की प्रेमात पडलीय ते कळायचं.” सासूबाई हसल्या आणि लगेच थांबल्या. “दिवा घालवला. किंकाळी आली. हे नाचायचेच बाकी होते. दार उघडलं तर वन्सं खुर्चीत बसलेल्या, शांत. म्हणाल्या, दादा, मी कुठं ओरडले?”

“मग?”

“मग काय, सगळे हसलो. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही म्हणतात. पण त्या दिवसानंतर वन्सं...” सासूबाईंनी बूट फळीवर ठेवला. “त्यांच्या पावलांचा आवाजच होईना गं. लाकडावर चालू देत, खडीवर चालू देत. बोलणंही असं, ओठ हलताना दिसायचे आणि मग कळायचं की बोलतायत. त्या जोडाला परत पाय लावला नाही त्यांनी. दुसऱ्या गावी नोकरी धरली. गेल्या वर्षी तिकडेच वारल्या, झोपेत. शेजारणीला चार दिवस कळलं नाही. म्हणाली, तसाही कधी आवाज नसायचा त्यांचा.”

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, “तू मनाला लावून घेऊ नकोस.” कशाला लावून घेऊ नकोस, ते मात्र त्या बोलल्या नाहीत. या घरात बायकांचा इशारा एवढाच मोठा असायचा.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तिनं नवऱ्याला एक संधी दिली. ही संधी आहे, हे अर्थात त्याला ठाऊक नव्हतं. जिन्यावरची पावलं ऐकून कोण येतंय ते न बघता सांगणारा माणूस तो. त्या कानांचं तिला कौतुक होतं. त्या कानांना आपण कधी ऐकू येऊ का, एवढंच तिला बघायचं होतं.

“आज मला खाली बोलावलंय, काय करायचंय रे?”

“काही नाही. पावलं. खडीवर.” तो पावाला लोणी लावत होता. एकाच कडेला लावत होता.

“बस्, एवढंच?”

“एवढंच.”

दुपारी तीन वाजता ती आवाजाच्या खोलीत गेली. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर नवरा आपल्यासाठी वेळेवर उठला असता की नाही, हे जन्मभर कळलं नसतं. तिला तेवढं कळून घ्यायचं होतं.

ती मधल्या खुर्चीवर बसली. मागे दार आपोआप लागलं आणि जगाचा आवाज चाकूनं कापल्यासारखा बंद झाला. खोलीत जुन्या चामड्याचा आणि पाल्याचा वास होता. काचेपलीकडे सासऱ्यांनी बोट वर केलं.

दिवा गेला.

काळोख झाला खरा, पण तिला वाटलं होतं तसा नाही. काचेपलीकडची खोली उजेडात होती. आता तिला तिघंही लख्ख दिसत होते. यंत्रावर वाकलेले सासरे. त्यांच्याशेजारी कानांवर हेडफोन लावलेला नवरा. मागे पदराशी चाळा करणाऱ्या सासूबाई. तिघं काळोखाकडे बघत, वाट बघत बसले होते. जणू पडदाच उलटा फिरला होता. प्रेक्षक ती एकटीच, आणि समोर सिनेमा. आपली माणसं आपण कधी घाबरतो याची वाट बघत बसलीत. याहून भीतिदायक सिनेमा त्या दहांमध्ये नव्हता, असं तिला वाटलं. उशी मात्र आज नव्हती.

ती गप्प बसली. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

मग मागे, मांडणीच्या बाजूला, लाकडी फळी वाजली.

टक्.

उंच टाचेचा आवाज. महिनाभरात तिचेही कान तयार झाले होते. तिच्या पायात सपाट चपला होत्या, आणि पाय जमिनीवर जुळवून ठेवलेले होते. टक्. टक्. लाकूड संपलं. आता खडी. खडीवर ती पावलं सावकाश, एकेक दगड चाचपत आल्यासारखी आली. तिच्या खुर्चीजवळ थांबली. तिच्या डाव्या खांद्यावरची हवा जराशी गार झाली... आणि पावलं पुढे गेली. फरशीवर. दाराकडे.

तिनं काचेकडे पाहिलं. नवऱ्यानं मान वर केली होती. हे पाऊल तिचं नाही, हे त्याच्या कानांनी ओळखलं होतं. तो अर्धवट उठला. सासऱ्यांनी त्याच्याकडे न बघताच त्याचं मनगट धरलं. ओठांची हालचाल तिला स्वच्छ वाचता आली: थांब, टेप चालू आहे.

तो थांबला.

दाराशी पावलं थांबली. दारावरून हात फिरल्यासारखी सळसळ झाली. वर, खाली, पुन्हा वर. मूठ असायला हवी होती तिथं.

आणि काचेपलीकडे तिघंही एकदम दचकले. सासूबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले. नवऱ्यानं हेडफोन ओरबाडून काढला. सासऱ्यांचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी कसानुसा झाला. यंत्राची सुई पार टोकाला जाऊन थरथरत होती.

तिच्या खोलीत काहीही ऐकू आलं नव्हतं. तिचं तोंड मिटलेलं होतं. खात्री करायला तिनं बोटांनी ओठ चाचपून पाहिले.

नवऱ्यानं हात हिसडून सोडवला आणि तो धावला. उशिरा, पण धावला. दार उघडलं, दिवा लागला. त्याच्यामागे सासरे, त्यांच्यामागे सासूबाई.

“शाब्बास, सूनबाई,” सासरे म्हणाले. शब्द कौतुकाचे होते, आवाज कोरडा पडला होता. “अगदी... अगदी तीच आली. तशीच्या तशी.”

सासूबाई उंबऱ्याकडे बघत होत्या. तिथं, दाराच्या आतल्या बाजूला, तो करडा जोड उभा होता. टाचा जुळवलेल्या, पुढची टोकं बाहेरच्या दिशेला. त्याच्यावर धूळ नव्हती.

“तू बरी आहेस ना?” नवरा म्हणाला आणि तिच्याकडे यायला त्यानं दारावरचा हात काढला. दार संथपणे मिटायला लागलं.

ती उठली नाही. तिचा आवाज चढला, आणि या घरात तो पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू गेला.

“दार सोडू नका. मी ओरडले नाही. आधी आत्याबाईंना बाहेर जाऊ द्या, मग मी येते.”